पाणी कुठलं ते आधी विचारा: पणजीतली हौशी कॉफी स्पर्धा

तीन परीक्षकांनी आमचे तिन्ही कप चाखले. थोडं थांबून पुन्हा चाखले. मग सूत्रसंचालकाने 'एक, दोन, तीन' म्हटल्याबरोबर तिघांनी एकाच वेळी आपल्या आवडत्या कपाकडे बोट केलं. तिन्ही बोटं मधल्या कपाकडे. तो कप उचलून त्याचं बूड लोकांकडे फिरवलं. बुडाला पिवळा ठिपका होता. माझा हिरवा.

दुसऱ्या फेरीत मी बाद झाले ती अशी. तरीही प्रवेशशुल्काचे ७०० रुपये वसूल झाले असंच मी म्हणेन. कशामुळे झाले आणि आयोजन कुठे कमी पडलं, ते सविस्तर लिहिते, कारण पुढच्या वर्षी जाऊ की नको असं फोंड्यातल्या तिघीचौघींनी मला आत्तापासूनच विचारलंय.

ऑगस्टमधल्या एका रविवारी पणजीत, सांतिनेजला, कॉफी भाजून विकणाऱ्या एका छोट्या रोस्टरीने ही स्पर्धा ठेवली होती. कॅफेत नोकरी करणाऱ्यांना प्रवेश नव्हता, फक्त घरी कॉफी करणारे. मी कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीला, आहे. दिवसभर वजनकाटा, पिपेट आणि थर्मामीटर हातात असतात, आणि चार वर्षांपासून घरी कॉफीसुद्धा तशीच मोजूनमापून करते. आमच्या घरी पूर्वापार कॉफी म्हणजे दुधातली, साखर आणि जायफळ घातलेली. बाबा गावच्या उत्सवी नाटकात काम करायचे तेव्हा तालमीच्या रात्री आई ती मोठ्या किटलीतून देवळाच्या मंडपात पाठवायची. ती कॉफी मला आजही आवडते. काळी कॉफी मी शिकले ती एअरोप्रेसवर, आणि ही स्पर्धाही एअरोप्रेसचीच होती.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: एअरोप्रेस म्हणजे प्लास्टिकची जाड नळी आणि तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या, मोठ्या सिरिंजसारखा. खाली कागदाची गोल चकती. कॉफी आणि गरम पाणी आत घालायचं, ठरलेला वेळ थांबायचं आणि दाबून कपात उतरवायचं. कॅलिफोर्नियातल्या ॲलन ॲडलर यांनी हे उपकरण २००५ साली बाजारात आणलं. त्याआधी लांबच लांब उडणारी फेकायची कडी, एअरोबी, हा त्यांचा गाजलेला शोध. २००८ साली ऑस्लोत तीन स्पर्धकांमध्ये एअरोप्रेसची पहिली स्पर्धा झाली, आणि आता तिची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरते. एका वेळी तिघे, परीक्षकांना कप कोणाचा ते माहीत नाही, आणि शेवटी बोट दाखवून निकाल, हा साचा तिथलाच. पणजीत तोच घेतला होता.

स्पर्धक २७. तिघातिघांचे नऊ गट, प्रत्येक गटातून एक वर, मग नऊचे तीन आणि तिघांची अंतिम फेरी. कॉफी जास्तीत जास्त १८ ग्रॅम, कपात निदान १५० मिलिलिटर उतरायला हवी, वेळ पाच मिनिटं. ग्राइंडर आणि एअरोप्रेस आपापलं आणायचं. बीन्स आणि पाणी त्यांचं, सगळ्यांना एकच.

बीन्सचं १५० ग्रॅमचं पाकीट दहा दिवस आधी घरी आलं. या एका गोष्टीसाठी आयोजकांना मी पूर्ण गुण देते. पाकिटावर भाजल्याची तारीख, बागेची उंची आणि वाण, सगळं लिहिलेलं होतं. चिकमगळूरकडची अरेबिका, सिलेक्शन ७९५, वॉश्ड, म्हणजे फळाचा गर काढून, आंबवून, धुऊन वाळवलेली. हा वाण आपल्याकडचाच. बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रात केंट आणि एस. २८८ या कॉफीच्याच दोन वाणांच्या संकरातून तो तयार झाला, आणि दक्षिणेतल्या बागांमध्ये तो आजही खूप दिसतो. नीट उतरला तर चवीला गुळाची गोडी आणि मागून चिंचेची आंबटाई. आपल्या चिंचगुळाच्या आमटीतली मसाल्याची बाजू काढून टाकली की जे उरेल, त्याच्या जवळपास जाणारं काहीतरी. चिकमगळूरची कॉफी विकत घेताना त्यात परदेशी फळांची नावं शोधायची आपल्याला सवय लागली आहे. मला ही चिंच आणि गूळ स्वच्छ ओळखता आले याचा फार आनंद झाला.

सराव आठ वेळा केला, दर वेळी १६ ग्रॅम. वहीत सगळं लिहिलेलं आहे. एअरोप्रेस उलटं धरून, ८८ अंशांचं २१० मिलिलिटर पाणी, दळण बारीककडे झुकणारं, दीड मिनिट थांबून सावकाश अर्धं मिनिट दाबायचं. पाचव्या वेळेपासून चिंच आणि गूळ दोन्ही हाताला लागले. सहाव्या, सातव्या आणि आठव्या वेळी तेच पुन्हा जमलं. चार वर्षांत एखाद्या कॉफीची इतकी खात्री मला कधी वाटली नव्हती. बावीस ग्रॅम बीन्स उरले, ते हवाबंद बरणीत ठेवले.

रविवारी सकाळी कदंबच्या बसने पणजीला उतरले. भाजी तिखट असते, जिभेची चव जायला नको म्हणून बसस्थानकाजवळ नुसता पाव आणि केळं खाल्लं, आणि साडेनऊला पोचले. जुन्या घराचा लांबट हॉल, तीन टेबलं, प्रत्येकावर हंसाच्या मानेसारख्या तोटीची विजेची केटली. खिडक्या बंद, एसी जोरात. नोंदणीच्या टेबलावरच्या दोन मुली नम्र होत्या, वेळापत्रक भिंतीवर लावलेलं होतं, गट चिठ्ठ्या टाकून सगळ्यांसमोर ठरवले. इथपर्यंत शिस्त वाखाणण्यासारखी.

सरावाला दहा मिनिटं दिली होती. मी १६ ग्रॅम बीन्स दळले, काट्यावर पावडर भरली १५.३. उरलेली ग्राइंडरच्या डब्याला आतून चिकटली होती. टकटक करूनही पडेना, काही माझ्या मनगटावर उडून बसली. घरी असं कधीच झालं नव्हतं आणि क्षणभर मला काही सुचेना. मग डोक्यात आलं, फोंड्यात ऑगस्टमध्ये हवाच ओली असते. त्या ओलाव्यात दळताना स्थिर वीज टिकत नाही. इथे एसीने हवा कोरडी केली होती आणि पावडर वीज धरून भिंतीला बसत होती.

शेजारच्या टेबलावर दक्षिण गोव्यातल्या सासष्टीचे एक अंकल होते, साठीच्या पुढचे. उमेदीची सगळी वर्षं बोटीवर काढलेली, म्हणजे आपल्याकडे ज्यांना तारवटी म्हणतात ते. त्यांनी खिशातून अत्तराच्या बाटलीएवढी पाण्याची फवाऱ्याची बाटली काढून माझ्यापुढे धरली. "मातशें उदक मार गो बाय." दळण्याआधी बीन्सवर एक फवारा मारायचा, बोटाने हलवायचं आणि मग दळायचं. मी केलं. काट्यावर १५.९ आलं. ओरेगॉन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ साली याच गोष्टीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. दळण्यापूर्वी थोडं पाणी घातलं की स्थिर वीज कमी होते, पावडरच्या गुठळ्या कमी होतात आणि कॉफीही जास्त चांगली उतरते. मी तो अभ्यास वाचला होता. पण घरी गरज पडली नव्हती, त्यामुळे वाचलेलं हातात आलं नव्हतं. ते अंकलच्या खिशात होतं. "देव बरें करूं," म्हटलं तर ते हसून आपल्या केटलीकडे वळले.

पहिल्या फेरीत दोन बोटं हिरव्याकडे आली आणि मी पुढे गेले. माझ्या गटातल्या एका मुलाचा दट्ट्या निसटून अर्धी कॉफी टेबलावर सांडली होती, त्यामुळे त्या जिंकण्याचा मला फारसा अभिमान नाही. चौथा गट चालू असताना हॉलमधली वीजच गेली. तीन केटल्या आणि एसी एकाच लाइनवर, एमसीबी पडला. वीस-पंचवीस मिनिटं गेली. आयोजकांनी त्या गटाला नवे बीन्स देऊन पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं, आणि तेच योग्य होतं. पुढच्या वेळी केटल्यांची लाइन वेगळी घेतली म्हणजे झालं.

दुसऱ्या फेरीचं वर सांगितलंच. आता खरी गोष्ट.

परीक्षकांचं झाल्यावर उरलेली कॉफी फेकून न देता मागच्या टेबलावर मांडत होते, ठिपक्याचा रंग आणि स्पर्धकाचा क्रमांक लिहून. बाजूला भिंतीवर प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं रेसिपीचं कार्ड. कोणीही चमचा घ्यावा, चाखावं, कार्ड वाचावं. संध्याकाळपर्यंत मी वीसेक कप चाखले. एकच बी, एकच भाजणी, एकच पाणी, आणि वीस वेगवेगळ्या कॉफ्या. कोणाची लिंबाच्या सालीसारखी, कोणाची नुसती भाजल्या शेंगदाण्यासारखी, एकीची तर निव्वळ गुळाची ढेप. घरी एकटीने वर्षभर प्रयोग केले तरी हे मिळत नाही, कारण घरी हात एकच असतो. ७०० रुपये मी या टेबलासाठी पुन्हा देईन.

तिथेच माझा कप होता आणि पिवळ्या ठिपक्याचाही. माझा गार झालेला. एक चमचा घेतला. चिंच कुठेच नव्हती. गोडी होती, पण सपाट, आणि गिळल्यावर जीभ कच्ची सुपारी चघळल्यासारखी आवळली. घरी आठ वेळा केलेली ही कॉफी नव्हतीच. मग पिवळा चाखला. गार होऊनही त्यात चिंच होती, गूळ होता आणि घसा मोकळा राहिला. कार्डावरचं अक्षर रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीतलं, वळणदार. ती कॉफी अंकलची होती. १८ ग्रॅम, दळण जाडसर, पाणी फक्त ८० अंश, १०० मिलिलिटर दाट उतरवायची आणि मग वरून ८० मिलिलिटर गरम पाणी घालायचं.

बाबांची एक सवय होती. कला अकादमीच्या नाट्यस्पर्धेत त्यांच्या मंडळाचं नाटक झालं की निकालानंतर ते परीक्षकांना गाठायचे आणि काय कमी पडलं ते विचारून घ्यायचे. लहानपणी मला त्याचा संकोच वाटायचा. त्या दिवशी मी तेच केलं. परीक्षकांपैकी एक बाई चिकमगळूरहून आल्या होत्या, कॉफी चाखणं हाच त्यांचा व्यवसाय. त्यांनी लगेच सांगितलं, की गरम असताना माझा कप त्यांना सर्वांत आवडला होता, पण कोमट होत गेला तसा कोरडेपणा पुढे आला. मग त्यांनी मला विचारलं, "घरी पाणी कुठलं वापरता?"

आमच्याकडे विहीर आहे. जांभ्यातली, पाणी एकदम हलकं. स्पर्धेचं पाणी मुद्दाम तयार केलेलं होतं, आरओच्या पाण्यात मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटचे क्षार मोजून घातलेले. म्हणजे चांगलंच पाणी होतं, कॉफीसाठी केलेलं. पण मी आठ दिवस वेगळ्याच पाण्यावर हात बसवला होता. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम कॉफीतला अर्क ओढून घ्यायला मदत करतं. बायकार्बोनेट उलट आम्ल मारतं, आंबटाई बोथट करतं. विहिरीचं पाणी अर्क कमी ओढतं म्हणून मी दळण बारीक ठेवलं होतं. तेच बारीक दळण या पाण्यात गेल्यावर नको तेवढं उतरलं, म्हणून तो तुरटपणा. आणि चिंच गेली ती बायकार्बोनेटमुळे. औषधांच्या कारखान्यात पाण्याची तपासणी हे माझं रोजचं काम आहे, आणि स्पर्धेचं पाणी कुठलं हे विचारायचं मला सुचलं नाही. याचं मला वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

येताना मी त्यांच्याकडून एक बाटली पाणी मागून आणलं. त्यांनी आनंदाने दिलं. सोमवारी काम सुटल्यावर साहेबांना विचारून दोन्ही पाण्यांचं काठिण्य, म्हणजे त्यांत कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार किती ते, काढलं. शंभर मिलिलिटर पाणी, एरिओक्रोम ब्लॅक टी या रंगद्रव्याचे दोन थेंब, आणि वरून ब्युरेटमधून, म्हणजे मोजपट्टीच्या काचेच्या नळीतून, क्षारांना बांधून घेणारं ईडीटीए थेंबथेंब. पाणी आधी द्राक्षारसासारखं लाल असतं, क्षार संपले की एका थेंबात निळं होतं. विहिरीचं पाणी १.८ मिलिलिटरलाच निळं झालं. स्पर्धेच्या पाण्याला ९.५ लागले. म्हणजे लिटरमागे १८ मिलिग्रॅम आणि ९५ मिलिग्रॅम. निळा रंग फुटेपर्यंत मी श्वास धरून उभी होते. आपली कॉफी का हरली ते इतक्या स्पष्टपणे डोळ्यांनी पाहायला मिळेल असं कधी वाटलं नव्हतं.

म्हणून माझी पहिली तक्रार पाण्याची. बीन्स दहा दिवस आधी पाठवता, तर पाकिटात पाण्याची कृतीही एका ओळीत लिहून पाठवा. क्षार काही महाग नसतात, ज्याला करायचं तो घरी करील. कॅफेवाल्यांना पाण्याचं महत्त्व माहीत असतं. हौशी माणसाला ते कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि ही स्पर्धा हौशींचीच आहे.

दुसरी तक्रार त्याहून मोठी. बोट दाखवून निकाल देण्याची पद्धत बघायला छान आहे, लोकांना आवडते, निकालात वशिल्याला जागा राहत नाही. पण सत्तावीसपैकी सव्वीस जण घरी जातात ते बोट दुसरीकडे गेलं एवढंच घेऊन. मी विचारलं म्हणून मला दोन वाक्यं मिळाली, आणि त्या दोन वाक्यांनी मला जे दिलं ते बक्षिसाच्या ग्राइंडरनेही दिलं नसतं. माझ्या गटातला तो कॉफी सांडलेला मुलगा सांगेहून पहाटे निघून आला होता. तो कोणाशी न बोलता निघून गेला. प्रत्येक कपाखाली एक चिठ्ठी ठेवा आणि परीक्षकांना दोन ओळी लिहू द्या. गटामागे दोन मिनिटं वाढतील, त्याने काही बिघडत नाही.

बाकीच्या गोष्टी लहान आहेत. परीक्षक चाखत असताना तरी संगीत बंद ठेवायला हवं होतं, स्पीकर त्यांच्या डोक्यावरच होता. प्रेक्षकांना कॉफी कागदी कपातून दिली, आणि गरम कॉफीत त्या कपाचा वास उतरतो. चाखण्याच्या टेबलावर चिनी मातीचे कप होते, तेच बाहेर दिले असते तर बरं. खुर्च्या कमी, वयस्कर मंडळी उभी राहिली. गाडीने जाणाऱ्यांनी पार्किंगचा विचार आधी करावा. जेवणाची सोय नव्हती, पण जवळपास खानावळी आहेत.

रेसिपीची कार्डं मात्र आयोजकांनी फोटो काढून सगळ्या स्पर्धकांना पाठवली, सत्तावीसच्या सत्तावीस. हे मला फार मोलाचं वाटतं. स्पर्धेतली कृती स्वयंपाकघरात पोचते तेव्हाच तिचा आपल्याला उपयोग. जपानच्या तेत्सु कासुया यांनी २०१६ साली जागतिक ब्रूअर्स कप, म्हणजे हाताने कॉफी गाळण्याची जागतिक स्पर्धा, जिंकला तो ४:६ पद्धतीने. २० ग्रॅम कॉफी, ३०० ग्रॅम पाणी, पाच वेळा साठसाठ ग्रॅम. पहिल्या दोन धारांनी आंबट-गोडाचा तोल ठरतो, पुढच्या तिनांनी कडकपणा. आज फोंड्यातल्या माझ्या ओट्यावर सुट्टीच्या सकाळी तीच पद्धत असते. आता शेजारी अंकलची रेसिपीही चिकटवली आहे. ते अंतिम फेरीत गेले आणि २-१ ने हरले. जिंकली ती पर्वरीची कॉलेजात शिकणारी मुलगी, आणि तिचा अंतिम फेरीतला कप खरोखर सुंदर होता. मी दोन चमचे घेतले.

घरी उरलेल्या बावीस ग्रॅमचे मी अकरा-अकराचे दोन भाग केले. दोन्हींना अंकलचं जाडसर दळण, ८० अंश आणि त्यांचंच प्रमाण. एकाला विहिरीचं पाणी, दुसऱ्याला बाटलीतून आणलेलं. कपांना बुडाशी ठिपके लावले आणि आई-बाबांपुढे ठेवले. बाबांचं बोट बाटलीतल्या पाण्याच्या कपाकडे गेलं. आईने दोन्ही दोनदा चाखले, गार होईपर्यंत थांबली आणि विहिरीच्या कपाकडे बोट केलं. का, असं विचारलं तर म्हणाली, "ह्यात चिंच आहे."

मी आयोजकांना पत्र लिहून दोन्ही गोष्टी कळवल्या. पाण्याची कृती पुढच्या वर्षी पाकिटातच देऊ, असं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. परीक्षकांच्या दोन ओळींबद्दल अजून काही कळवलेलं नाही, म्हणून या आठवड्यात पुन्हा लिहिणार आहे.